उगम पावणें आणि वळवून आणणें

या सदराच्या नियमित वाचकांस ठाऊकच आहे कीं, आम्ही येथें शब्दांविषयीं लिहितों आणि ते शब्द बहुधा मराठी वा संस्कृत असतात. या महिन्यांत मात्र एका इंग्रजी क्रियापदाकडे वळणें भाग पडलें आहे. तें क्रियापद ‘ओरिजिनेट’ हें होय. ‘उगम पावणें’, ‘उत्पन्न होणें’ असा त्याचा अर्थ कोशांत सांपडतो व तेवढ्यानें मुलाचें समाधानहि होतें. परंतु तें वाक्यांत कसें घालावें असें विचारलें म्हणजे मूल गोंधळतें, आणि कित्येकदां त्याचे गुरुजीहि गोंधळतात. आम्ही स्वतः गोंधळलों होतों, आणि त्या गोंधळाचें मोल दुसऱ्या कोणास द्यावें लागलें. म्हणून हा विषय आमच्यापुरता तरी केवळ व्याकरणाचा राहिलेला नाहीं.

प्रसंग असा घडला. श्रीतुकाराममहाराजांची पालखी इंदापुराहून सराटीच्या मुक्कामास जातांना आमच्या बावड्यावरून जाते. त्या दिवशीं गांवांत घरोघर पाहुणे असतात. यंदा त्या गर्दींत आमचा एक जुना विद्यार्थी नमस्कारास आला. आतां तो पन्नाशीच्या घरांत आहे. त्याचे वडील तालुक्याच्या वरच्या अंगास नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. हा शिकण्यासाठीं बावड्यास मामाकडे राहिला होता. पुढें तोहि कालव्याच्याच नोकरींत लागला. बरोबर नववींत शिकणारी त्याची कन्या होती. चहा होईपर्यंत बसलीं असतां, “गुरुजींना विचार ना तुझं ते इंग्रजी,” असें त्यानें तिला सुचविलें. मुलीनें पिशवींतून वही काढली. ‘ओरिजिनेट’ या क्रियापदाचीं पांच वाक्यें तिला करावयाचीं होतीं व एकच झालें होतें. ‘नीरा इज ओरिजिनेटेड फ्रॉम द सह्याद्रि’ असें तें वाक्य.

आम्हीं तें वाचलें आणि शिक्षकाच्या जन्मखोडीप्रमाणें लगेच म्हटलें, “बाळ, हें चुकलें. ‘इज ओरिजिनेटेड’ नव्हे, नुसतें ‘ओरिजिनेट्स’.” त्यावर तिचा बाप हंसला व म्हणाला, “गुरुजी, मला तर तुम्हीच तसं लिहून दिलं होतं. लाल शाईनं.”

या उत्तरानें आम्ही अगदीं गप्प झालों. पण मुलगी वही पुढें करून बसली होती. तेव्हां आधीं तिचें काम उरकलें. तिला जें सांगितलें, तेंच प्रथम वाचकांसहि सांगतों; बापाचें म्हणणें मागाहून येईल.

‘उगम पावणें’ या अर्थीं हें क्रियापद अकर्मक आहे. नदी उगम पावते. तिला कोणी उगमवीत नाहीं. ज्यास कर्मच नाहीं, त्याचा कर्मणि प्रयोग कसा व्हावा? मग आमचीं मुलें ‘इज ओरिजिनेटेड’ असें कां लिहितात? कारण मनांत मराठी वाक्य आधीं तयार असतें. ‘नीरा सह्याद्रींत उगम पावलेली आहे’ या वाक्यांतील ‘आहे’ पाहून मूल ‘इज’ घालतें आणि ‘पावलेली’ पाहून क्रियापदास ‘एड’ जोडतें. परंतु मराठींतील ‘झालेली आहे’, ‘पावलेली आहे’ हीं रूपें क्रिया पुरी झाल्याचें दाखवितात. तो कांहीं कर्मणि प्रयोग नव्हे. ‘पाऊस पडलेला आहे’ या वाक्यांत पावसास कोणीं पाडलें, असें आपण विचारीत नाहीं.

गोंधळास दुसरेंहि एक कारण आहे. ‘मी बावड्यास जन्मलों’ हें इंग्रजींत सांगतांना मूल ‘वॉज बॉर्न’ असें शिकतें, आणि तें रूप खरोखरच कर्मणि आहे. कारण त्याच्या मुळाशीं आईनें मुलास वाहणें व प्रसवणें हा अर्थ आहे. जन्मास ‘वॉज बॉर्न’ चालतें, तर उगमास ‘वॉज ओरिजिनेटेड’ कां चालूं नये, असा मुलाचा तर्क असतो. तर्क चांगला आहे. फक्त नदीला प्रसवणारी आई त्या इंग्रजी शब्दांत नाहीं.

‘इज ओरिजिनेटेड’ हें रूप अजिबात निषिद्ध आहे, असेंहि कोणीं समजूं नये. एखाद्या मनुष्यानें नवी पद्धति काढली, नवा पायंडा पाडला, तर त्या अर्थीं हेंच क्रियापद सकर्मक होतें. तेव्हां ती पद्धति त्या मनुष्याकडून ‘ओरिजिनेटेड’ झाली, असें ‘बाय’ घालून कर्मणि प्रयोगानें म्हणतां येतें. पद्धतीस काढणारा असतो, नदीस नसतो. एवढा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुरे.

आतां या क्रियापदामागून येणाऱ्या अव्ययांचा विचार करूं. तीं मुख्यतः तीन आहेत. ज्या स्थळीं वा ज्या गोष्टींत आरंभ झाला, तिला ‘इन’ लागतें. भीमा भीमाशंकराजवळ सह्याद्रींत उगम पावते, नीरा भोर तालुक्यांतील डोंगरांत उगम पावते. या दोनहि ठिकाणीं ‘इन’ शोभतें. येथें एक खळगा आहे. ‘तें भांडण गैरसमजांतून उत्पन्न झालें’ असें आपण म्हणतों आणि त्या ‘तून’मुळें मुलें ‘फ्रॉम’ लिहावयास धांवतात; पण भांडणाचें मूळ सांगतांनाहि इंग्रजी लेखक बहुधा ‘इन’च योजतात. ज्या ठिकाणाहून वस्तु निघून दुसरीकडे आली, त्या ठिकाणास ‘फ्रॉम’ हें योग्य. हा माल कोंकणांतून आला, ही हांक पलीकडच्या काठावरून आली, अशा वाक्यांत निघणें आणि पोहोंचणें हीं दोनहि मनांत असतात. तिसरें अव्यय ‘विथ’. तें मनुष्यासाठीं आहे. ‘आमच्या घरीं ही चाल आजीपासून सुरू झाली’ हें वाक्य इंग्रजींत नेतांना त्या ‘पासून’साठीं ‘विथ’ घ्यावें लागतें. मराठींत आपण या तिन्ही कामीं ‘पासून’, ‘हून’, ‘तून’ आणि सप्तमी हीं आलटून पालटून वापरतों. म्हणून शब्दास शब्द ठेवून भाषांतर करणारा येथें हमखास घसरतो.

उगमाच्या क्रियापदास कोणती विभक्ति लावावी, ही चिंता इंग्रजांनींच प्रथम केली असें मात्र नाहीं. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांत याकरितां दोन स्वतंत्र सूत्रें केलीं आहेत, तिसावें व एकतिसावें. दोहोंनींहि अपादान, म्हणजे पुढें पंचमी, सिद्ध होते. मग सूत्रें दोन कशास? पहिलें सूत्र ‘जन्मणें’ या क्रियेचें, ज्या कारणापासून वस्तु होते त्याविषयींचें. जुने टीकाकार त्यास शेणापासून विंचू जन्मतो असें उदाहरण देतात. जीवशास्त्रास तें मान्य नाहीं, पण व्याकरणास पुरतें. दुसरें सूत्र ‘प्रभवणें’ या क्रियेचें, म्हणजे वस्तु जेथें पहिल्यानें दृष्टीस पडते त्या स्थळाविषयींचें; त्याचें उदाहरण हिमालयापासून प्रभवणारी गंगा. हिमालय हा गंगेचें द्रव्य नव्हे. ती तेथें प्रथम दिसते, इतकेंच. कारण निराळें आणि प्रथमदर्शनाचें स्थळ निराळें, हा विवेक ज्यानें एकदां केला, त्यास इंग्रजींतील ‘इन’ आणि ‘फ्रॉम’ यांचें भय उरत नाहीं.

शब्दाच्या जन्मकथेनेंहि अर्थ पक्का होतो. ‘ओरिजिनेट’च्या मुळाशीं लॅटिन भाषेंतील ‘ओरिरी’ हें क्रियापद आहे. त्याचा अर्थ वर येणें, उगवणें. सूर्य ज्या दिशेस उगवतो त्या पूर्वेस ‘ओरिएंट’ म्हणतात, तो शब्दहि याच मुळाचा. आपला ‘उगम’ हा संस्कृत ‘उद्गम’ शब्दापासून आला आहे, आणि ‘उद्गम’ म्हणजे वर जाणें. परस्परांस दूर असलेल्या या भाषांस एकच चित्र दिसलें: पाणी जमिनींतून आपलें आपण वर येत आहे. तेथें आणणारा कोणी नाहीं. म्हणूनच तें क्रियापद अकर्मक.

मुलीनें आपलें वाक्य दुरुस्त केलें, आणखी चार केलीं, आणि ती पालखी पाहण्यास गेली. मग आम्हीं तिच्या बापास विचारलें, “तुला मीं तें लिहून दिलें, तें कोठल्या वाक्यावर?”

त्याला तें वाक्य जसेंच्या तसें पाठ होतें. कालव्याविषयीं पांच ओळी लिहावयास सांगितल्या होत्या. त्यानें इंग्रजींत लिहिलें होतें कीं, आमच्या शेतांतलें पाणी नीरेपासून ‘डिराइव्ह्ड’ आहे. आम्हीं तो शब्द खोडला, वर ‘ओरिजिनेटेड’ लिहिलें, आणि साऱ्या वर्गासमोर सांगितलें कीं, ‘डिराइव्ह’ हा व्याकरणांतला शब्द आहे. शब्द शब्दापासून ‘डिराइव्ह’ होतो, पाणी होत नाहीं. मुलें हंसलीं. हा शब्द त्यानें वडिलांकडच्या कालव्याच्या एका इंग्रजी कागदावर वाचला होता. तसें सांगण्यासाठीं त्यानें बोट वर केलें होतें. आम्हीं त्याला खालीं बसविलें.

“त्यानंतर इंग्रजीच्या तासाला मी बोट वर केलं नाही, गुरुजी,” तो म्हणाला. बोलण्यांत राग नव्हता. ‘त्या वर्षीं पाऊस कमी झाला’ असें सांगावें, तशा सुरांत त्यानें सांगितलें.

‘इज ओरिजिनेटेड’ची आमची चूक आम्हांस पुढें कोश चाळतां चाळतां उमगली होती आणि नंतरच्या तुकड्यांस आम्हीं तें नीट शिकविलें. परंतु मागच्या तुकड्यांचें काय, हा विचार आमच्या मनास कधीं शिवला नव्हता. आणि ‘डिराइव्ह’विषयीं तर तोंवर आमची खात्रीच होती कीं, आपण बरोबर आहों.

रात्रीं दिंड्या पुढें गेल्यावर आम्हीं मोठा कोश काढला. ‘डिराइव्ह’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजींत आला आणि त्याच्या मुळाशीं लॅटिन ‘दे’ व ‘रीवुस्’ हे दोन शब्द आहेत. ‘दे’ म्हणजे पासून, ‘रीवुस्’ म्हणजे ओढा, वाहतें पाणी. ओढ्याचें पाणी पाटानें वळवून नेणें, हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ होय, आणि जुन्या इंग्रजींतहि तो त्याच अर्थानें प्रथम आला. शब्दापासून शब्द निघतो, तत्त्वापासून अनुमान निघतें, व्यापारांतून नफा निघतो, हे सारे अर्थ त्या पाटाच्या पाण्यावर पुढें वाढलेले आहेत. पाण्याविषयीं हा शब्द योजण्यास आजहि कांहीं हरकत नाहीं. आम्हीं ज्यास व्याकरणांतला शब्द म्हणालों, तो व्याकरणानें पाटकऱ्याकडून उसना घेतलेला निघाला.

नीरा डावा कालवा पाहिलेल्या वाचकांस हें अधिक सांगावयास नको. हा कालवा १८८५ साली सुरू झाला. भाटघरच्या धरणांत सांठलेलें पाणी नदीनें वीरपर्यंत येतें. तेथें तें डाव्या कालव्यांत वळविलें जातें आणि पुरंदर व बारामती तालुक्यांतून आमच्या इंदापूर तालुक्यांत उतरतें. कालव्यांतून फाटा, फाट्यांतून चारी, चारींतून सरी; प्रत्येक ठिकाणीं कोणी तरी दार उघडतो, कोणी तरी तें लावतो. शेतांत उभा राहून दारें धरणाऱ्या मनुष्यास ‘पाणी येथें उगम पावलें’ असें कधींहि वाटणार नाहीं. तें आणलेलें आहे. म्हणूनच ‘डिराइव्ह’ला कर्मणि प्रयोग शोभतो आणि ‘ओरिजिनेट’ला शोभत नाहीं. मराठी व्याकरणकारांनींहि प्रत्यय वा उपसर्ग लावून बनविलेल्या शब्दांस ‘साधित’ म्हटलें आहे. साधित म्हणजे साधलेला, कोणीं तरी सिद्ध केलेला. तेथेंहि करणारा गृहीतच आहे. अर्थात् ‘डिराइव्ह’ इंग्रजींत दोनहि अंगांनीं चालतो: ‘इज डिराइव्ह्ड फ्रॉम’ हें बरोबर, आणि नुसतें ‘डिराइव्ह्ज फ्रॉम’ हेंहि बरोबर. अव्यय मात्र दोहोंकडे ‘फ्रॉम’च.

म्हणजे त्या मुलाचें वाक्य अर्थानें, प्रयोगानें आणि अव्ययानें, तिन्ही परींनीं शुद्ध होतें. आणि आमची दुरुस्ती प्रयोगानें अशुद्ध व अर्थानेंहि चुकीची होती, कारण नीरेंत जें वाहतें त्याचा उगम नीरा नव्हे, डोंगरावरचा पाऊस होय. त्याला शिक्षा झाली ती बरोबर असल्याबद्दल.

त्याच कोशांत ‘रीवुस्’ या शब्दाचें आणखी एक अपत्य दिसलें. तें म्हणजे ‘रायव्हल’, प्रतिस्पर्धी. एकाच ओढ्याचें पाणी घेणारे जे दोघे, ते परस्परांचे ‘रायव्हल’. कालव्यावरच्या मनुष्यास हीहि व्युत्पत्ति शिकवावी लागत नाहीं. पाळीच्या पाण्यावरून झालेलीं भांडणें त्यानें पाहिलेलीं असतात. तीं टाळावीं म्हणूनच आपल्याकडे शेजपाळीची पद्धति आहे. शेजारच्या शेतामागून शेजारचें शेत, या क्रमानें पाणी द्यावयाचें. एका पाण्यावर जगणाऱ्यांस रोमन लोकांनीं जो शब्द दिला, त्यांतून वैरी निघाला. आमच्या कालव्यानें जो शब्द दिला, त्यांत शेजार राहिला आहे. भांडणें आमच्याकडेहि होतात, हें कबूल करूनच हें लिहितों.

सकाळीं तो अद्याप मामाकडेच होता. आम्ही कोश काखोटीस मारून तिकडे गेलों. पायांत आतां पूर्वीसारखें बळ नाहीं, आणि एवढ्या वर्षांच्या एका शब्दासाठीं जावें कीं नाहीं, असा संकोचहि वाटेंत एकदां झाला. पण घरांतून निघतांना सौ.नीं विचारलें होतें, “कोठें निघालांत?” आणि आम्हीं खरें तें सांगितलें होतें, तेव्हां परत फिरणें कठीण होतें. मुलीकडून त्या शब्दाखालचा सारा मजकूर मोठ्यानें वाचवून घेतला. नंतर तिच्याच वहींत तिच्या बापाचें जुनें वाक्य आम्हीं स्वतःच्या हातानें लिहिलें, त्यापुढें बरोबरची खूण केली, दोनपैकीं दोन गुण दिले आणि खालीं सही केली. तो म्हणाला, “गुरुजी, कशाला एवढं?” पण वही त्यानें हातांत घेतली व बराच वेळ खालीं ठेवली नाहीं.

मुलीनें विचारलें, “बाबा, म्हणजे तुम्हाला हे सगळं तेव्हाच माहीत होतं?”

“शब्द कागदावर वाचला होता,” तो म्हणाला, “पाणी तर रोजच बघत होतो.”

वाचकांच्या घरीं नातवंडांचा अभ्यास घेण्याचें काम बहुधा आमच्यासारख्या निवृत्त मंडळींकडेच येतें. त्यांच्या सोयीसाठीं वरील विवेचनाचें सार एकत्र सांगतों. वस्तु आपली आपण प्रकट झाली असें म्हणावयाचें असेल, तर ‘ओरिजिनेट’. मागें ‘इज’ नको, पुढें स्थळास व कारणास ‘इन’, निघाल्या ठिकाणास ‘फ्रॉम’, मनुष्यास ‘विथ’. मनुष्यानें मुद्दाम नवें काढलें असेल, तर तेंच क्रियापद सकर्मक, व त्याचा कर्मणि प्रयोग ‘बाय’नें. एका वस्तूपासून दुसरी काढून, वळवून वा साधून घेतली असेल, तर ‘डिराइव्ह’ व पुढें ‘फ्रॉम’. वाक्य लिहिण्यापूर्वीं मुलास एवढेंच विचारावें कीं, हें आपोआप आलें, कीं कोणीं आणलें? त्याचें उत्तर मराठींत नीट आलें, म्हणजे इंग्रजी क्रियापद निवडणें अवघड जात नाहीं.

आणि मुलाच्या वहींत आपणांस न रुचणारा शब्द दिसला, तर तो खोडण्यापूर्वीं ‘हा कोठें वाचलास?’ असें एकदां विचारावें, ही आमची विनंती आहे. आमच्या हाताखालून गेलेल्या जुन्या तुकड्यांपैकीं कोणाच्या घरीं हा अंक जात असेल, आणि त्यांच्या वह्यांत आम्हीं लाल शाईनें ‘इज ओरिजिनेटेड’ लिहून ठेवलें असेल, तर तें चुकीचें आहे. त्यांनीं तें आतां खोडून टाकावें.